मोटरसायकलचा हेडलाइट: उजेड किती, यापेक्षा तो पडतो कुठे?

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रात रात्री उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटरसायकल सेकंदाला जवळपास १७ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावरही २० मीटरहून जास्त लागतात. म्हणजे ट्रॉली निदान ५० मीटरवरून दिसायलाच हवी. म्हणून दिवा सुधारावासा वाटणं अगदी रास्त आहे. पण त्यासाठीचा पैसा बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो.

गैरसमज : जास्त वॅटचा बल्ब टाकला की झालं.
वस्तुस्थिती : १००-१५० सीसीच्या अनेक गाड्यांत ३५/३५ वॅटचा एचएस१ बल्ब असतो, मोठ्या गाड्यांत ६०/५५ वॅटचा एच४. वायर, स्विच, होल्डर आणि चार्जिंग त्याच हिशेबाने दिलेलं असतं. एच४च्या जागी १००/९० वॅटचा बल्ब बसवला तर करंट ५ अँपिअरवरून ८च्या वर जातो. मग होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी जळते, बॅटरी उतरते.

गैरसमज : हॅलोजन काढून एलईडी बल्ब बसवला की गाडीला एलईडी हेडलाइट मिळतो.
वस्तुस्थिती : रिफ्लेक्टरचा आकार बल्बमधल्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एच४मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते. वर जाणारा प्रकाश तीच अडवते. एलईडीच्या चिपा त्या जागी, त्या आकारात क्वचितच बसतात. त्यामुळे चाकापुढचा रस्ता लख्ख दिसतो, लांबचा अंधारातच राहतो आणि उरलेला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. खोक्यावरचा लुमेनचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. कंपनीतून आलेला एलईडी हेडलाइट चांगला असतो, कारण त्याचा रिफ्लेक्टर किंवा लेन्स एलईडीसाठीच बनवलेली असते.

गैरसमज : जितका पांढरा, तितका प्रखर; आणि पिवळा प्रकाश धुकं भेदतो.
वस्तुस्थिती : केल्विनचा आकडा प्रकाशाचा रंग सांगतो, प्रखरता नाही. हॅलोजन साधारण ३,२०० केल्विनचा, बाजारातले बरेच एलईडी ६,००० केल्विनचे. निळसर प्रकाश समोरच्याला जास्त खुपतो. आंबेनळी घाटातल्या धुक्यात रंगाने फारसा फरक पडत नाही, कारण धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात. तिथे उपयोगी पडतो तो खाली बसवलेला, रुंद पसरणारा आणि वर न उधळणारा झोत. अप्पर लावलात तर समोर पांढरी भिंतच उभी राहते.

गैरसमज : उजेड मंद म्हणजे बल्ब कमजोर.
वस्तुस्थिती : दोष पुष्कळदा वायरिंगमध्ये असतो. हॅलोजनला मिळणारा व्होल्टेज १० टक्के घटला की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. गंजलेली अर्थिंग, सैल कनेक्टर, घासलेला स्विच एवढं त्याला पुरतं. काही जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोवर चालतो, म्हणूनच रेस वाढवली की तो उजळतो. तिथे मोठी बॅटरी टाकून काहीही साधत नाही.

गैरसमज : दुकानात मिळतं, म्हणजे चालतं.
वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडापेक्षा मोठी गोष्ट ही, की डोळे दिपलेला समोरचा चालक काही क्षण आंधळाच असतो आणि तो तुमच्याच दिशेने येत असतो.

मग करायचं काय?

आधी काच आतून-बाहेरून स्वच्छ आहे का पाहा. आतून धुरकटलेली किंवा चकाकी गेलेली असेल तर अख्खं युनिट बदला. कोणताही बल्ब ती उणीव भरून काढत नाही. मग झोत लावून घ्या. टायरमध्ये योग्य हवा भरून, सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडीवर बसा. डिपरच्या झोताची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. मागे माणूस बसला की गाडीचं नाक उचलतं, म्हणून नेहमी दोघे जात असाल तर दोघे बसूनच तपासा.

त्यानंतर कनेक्टर आणि अर्थिंग साफ करून घ्या. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही जळत असतो, त्यामुळे बल्ब लवकर थकतो. तेवढ्याच वॅटचा, नामांकित कंपनीचा नवा बल्ब टाका आणि त्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलकटपणामुळे ती एका जागी तापून बल्ब लवकर जातो.

एवढं केल्यावरही ५० मीटरवरचं दिसत नसेल, तर वेग कमी करा. जितका रस्ता दिसतो त्याच्या आत गाडी थांबलीच पाहिजे; हा नियम कुठल्याही दिव्याने बदलत नाही.