कबड्डी २०१४ : देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय वाटचाल
सन २०१४ हे वर्ष भारतीय कबड्डीच्या इतिहासात महत्त्वपूर्ण ठरले. २६ जुलै रोजी मुंबईत पुरुषांच्या आठ संघांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली. ३१ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने यू मुंबाचा ३५-२४ असा पराभव केला. त्याच वर्षी इंचिऑन येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत अंतिम फेरीत इराणवर पुरुषांनी २७-२५, तर महिलांनी ३१-२१ अशी मात करून सुवर्णपदके पटकाविली. यश समान होते, परंतु व्यावसायिक संधी समान नव्हती. महिलांसाठी तीन संघांची स्पर्धा २०१६ मध्ये घेण्यात आली. तथापि तिला सातत्य लाभले नाही. म्हणूनच भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात मुलींच्या कबड्डीला महाविद्यालयीन मैदानाचा आधार अधिक मोलाचा ठरतो.