एका बाराचे दोन परवाने

जुन्या हत्यारांविषयी दोन समज सर्रास ऐकू येतात. आजोबांच्या काळातले ठासणीचे पिस्तूल ही शोभेची वस्तू, तिला परवाना कशाला, हा पहिला. पीकरक्षणाचा परवाना मिळाला की रानडुक्कर टिपायला मोकळे, हा दुसरा. शिरूर आणि दौंडसारख्या उसाच्या तालुक्यांत दोन्ही समज महागात पडू शकतात, कारण दोन्ही चुकीचे आहेत. कायदा हत्याराचे वय विचारत नाही. बार उडतो का आणि तो कशासाठी उडवायचा, हे दोनच प्रश्न तो विचारतो. मात्र या दोन प्रश्नांची उत्तरे दोन वेगळ्या कचेऱ्यांत पडून राहतात आणि शेतकऱ्याची अडचण तिथेच सुरू होते.

ठासणीच्या हत्यारात काडतूस नसते. नळीच्या तोंडातून मोजून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी किंवा छर्रे आणि चिंधीचा बोळा घालून गजाने ठासायचे, मागे टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. चाप दाबला की टोपी फुटते, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. पुढच्या बारासाठी सगळे पहिल्यापासून. अमेरिकेत अशा हत्यारांना केंद्रीय कायद्याने मोठी सूट दिली आहे. 1898 किंवा त्याआधी बनलेली हत्यारे, तसेच केवळ काळ्या दारूवर चालणारी आणि काडतूस न घेणारी ठासणीची हत्यारे 1968 च्या कायद्यातील ‘बंदूक’ या व्याख्येतून वगळली आहेत. तिथली राज्ये मात्र आपापले नियम करतात. न्यूयॉर्कच्या व्याख्येत पुरातन पिस्तुलाची सवलत ते न भरलेले असेल तरच मिळते.

आपल्याकडे अशी राज्यागणिक तऱ्हा नाही. शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय राज्यघटनेच्या केंद्र सूचीत आहे, त्यामुळे 1959 चा शस्त्र कायदा देशभर एकच. स्फोटाच्या किंवा अन्य ऊर्जेच्या जोरावर गोळी फेकणारे कोणतेही हत्यार त्याच्या व्याख्येत बसते. कलम 45 जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सूट देते खरे, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल तरच. शिरूर ही एके काळी इंग्रजांची छावणी होती. कोरेगावच्या लढाईत उतरलेली इंग्रजांची फौज 31 डिसेंबर 1817 रोजी इथूनच निघाली होती. अशा मुलखात एखाद्या माळ्यावर त्या काळातले पिस्तूल निघाले, तर त्याच्या इतिहासाइतकीच त्याच्या नळीची आणि घोड्याची अवस्था महत्त्वाची ठरते. लोहाराकडे नेऊन ते चालते करता येत असेल, तर परवाना हवाच.

त्यातही लांब नळीची बंदूक आणि पिस्तूल यांत कायदा फरक करतो. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी नागरिकाने ठासणीची बंदूक मागितली, तर कलम 14 मधील नकाराची कारणे नसल्यास परवाना द्यावा, असे कलम 13(3) सांगते. ठासणीची पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर किमान 20 इंच नळीच्या दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येतो. पिस्तूल या वाटेने येत नाही. त्यासाठी अर्जदाराला सबळ कारण पटवून द्यावे लागते, मग आत काळी दारू भरायची असो की काडतूस. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि वारशाने आलेल्या हत्यारालाही ही मर्यादा चुकत नाही. विनापरवाना बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षे, कमाल पाच वर्षे.

एवढे कडक कशाला, एका बाराच्या पिस्तुलाने कोण गुन्हा करणार, असा आक्षेप घेतला जातो. पण जवळून सुटलेल्या शिशाच्या गोळीला पहिला बारच पुरतो. त्यामुळे वयाऐवजी क्षमतेवर बेतलेली आपली कसोटी मला अधिक शहाणपणाची वाटते. तिच्यात भरडला जाणारा निर्दोष वारसदार असतो, हेही खरे. शस्त्र कायद्याच्या कलम 3 च्या, म्हणजे विनापरवाना हत्याराच्या गुन्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय खटला भरता येत नाही, ही तरतूद अशा वेळी कामी येते. परवानाधारक वारल्यावर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे, हा वारसाचा सर्वांत सुरक्षित मार्ग.

खरा गुंता पुढे आहे. शिरूर-दौंड पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असल्याने बंदुकीचा परवाना जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी देतात. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. उभ्या पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर मारायलाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. तोही वेगवेगळ्या दारी मागावा लागतो, कारण शिरूर जुन्नर वनविभागात येते आणि दौंड पुणे वनविभागात. एक कचेरी हत्यार देते, दुसरी ते वापरायला परवानगी देते. रात्री उसात डुक्कर शिरते तेव्हा हातात पहिला कागद असतो, दुसरा नसतो.

बिबट्याच्या दहशतीत बंदुका सैल सोडायच्या का, असे कोणी विचारील. मुळीच नाही. 2025 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, तेव्हा लोकांचा संताप रास्त होता. पण बिबट्या अनुसूची एकमध्ये आहे. जीव वाचवताना सद्भावनेने केलेली कृती कायदा माफ करतो, त्यापलीकडे त्याला ठार मारण्याचा निर्णय वनखात्याचाच. अंधारात एका बारात जखमी झालेला बिबट्या गावाला अधिक धोकादायक ठरतो.

म्हणून मागणी जास्त बंदुकांची नको, एका खिडकीची हवी. पीकरक्षणाचा अर्ज आला की महसूल, पोलीस आणि वनखाते यांनी तो एकत्र तपासावा. वापराला कोणाचा आदेश लागतो, हे परवान्याबरोबरच मराठीत छापून द्यावे. यासाठी केंद्राच्या कायद्याचा एक शब्दही बदलावा लागत नाही. तिन्ही खाती एकाच जिल्ह्यात बसतात, एवढे पुरेसे आहे.