चित्रांतील अक्षरें



गेल्या पावसाळ्यांत एका गृहस्थांचें पत्र मला आलें. त्यांचे आजोबा आमच्या गांवच्या शिष्यवृत्तिफंडाच्या साह्यानें शिकले असें त्यांच्या घरांत सांगत. त्यास कांहीं छापील आधार सांपडेल काय, एवढीच त्यांची पृच्छा होती. फंडाचा जुना अहवाल माझ्यापाशीं होता. पानें १४०, आणि कागद इतका जीर्ण कीं पान उलटतांना कोपरा हातांत यावा. म्हणून मीं तो पूर्वींच स्कॅन करून ठेविला होता. परंतु स्कॅन केलेलें पान म्हणजे छायाचित्र. आपणांस त्यांत नांवें दिसतात. संगणकास नुसते ठिपके दिसतात. त्यांत नांव शोधावयास सांगितलें तर तो बिचारा काय शोधणार?

त्या ठिपक्यांचीं अक्षरें करणारें एक साधन आहे. त्याचें नांव टेसरॅक्ट. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें १९८५ ते १९९४ या काळांत तें घडविलें, २००५ सालीं सर्वांस खुलें केलें, आणि २००६ पासून कांहीं वर्षें गूगलनें तें वाढविलें. त्यास मूल्य पडत नाहीं, व एकदां संगणकांत बसविल्यावर इंटरनेटही लागत नाहीं. घरचा कागद घरांतच राहतो.

त्यास दाबावयाचीं बटणें नाहींत. टर्मिनल उघडून एक ओळ लिहावयाची, इतकेंच. प्रथम साधनाचें नांव, मग चित्राच्या फाइलीचें नांव, मग उतारा ज्या नांवानें हवा तें नांव. नंतर एक आडवी रेघ, तिला चिकटून लहान रोमन 'एल', आणि शेवटीं 'एम-ए-आर' हीं तीन अक्षरें. प्रत्येक दोन पदांमध्यें एक मोकळी जागा. 'एल' हें भाषेचें चिन्ह आणि 'एम-ए-आर' म्हणजे मराठी. माझ्या एका स्नेह्यांनीं 'एल'च्या जागीं १ हा आंकडा लिहिला व अर्धा दिवस साधनास दूषणें दिलीं! भाषा सांगितली नाहीं तर साधन मजकूर इंग्रजी समजतें आणि रोमन अक्षरांची अगम्य रांगोळी काढून देतें. मराठीची फाइल बहुधा निराळी बसवून घ्यावी लागते. पीडीएफ तें थेट वाचीत नाहीं. आधीं पानांचीं चित्रें करावीं. हा सारा खटाटोप ओळ लिहून कां करावा, असें आपण विचाराल. कारण तीच ओळ थोडी वाढविली कीं १४० पानें एकामागून एक वाचून होतात, आणि तोंवर आपला चहा होतो.

आतां तें वाचतें कसें? चित्र प्रथम निव्वळ काळें-पांढरें केलें जातें. मग स्तंभ व ओळी निवडल्या जातात. पूर्वीं तें एकेक अक्षर तोडून ओळखीत असे. सुट्या रोमन अक्षरांस तें ठीक. आपला शब्द मात्र शिरोरेघेच्या दोरीवर सबंध वाळत घातलेला, तो तोडावा कोठें? २०१८ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून ओळ अखंड वाचणारें गणिती जाळें त्यांत आलें. छापील ओळींच्या असंख्य नमुन्यांवर तें शिकविलेलें असतें, आणि मागचीं-पुढचीं अक्षरें पाहून मधलें ठरवितें. वर्गांतील चलाख मुलासारखेंच हें! ओळखीचा शब्द दिसला कीं नीट न पाहतां म्हणून टाकावयाचा.

चित्र चांगलें हवें. इंचास ३०० ठिपके, पान सरळ, सांवली नको. जुन्या ग्रंथांत आणखी एक अडचण असते: शब्दागणिक अनुस्वार. धुळीचा कण अनुस्वार होऊन बसतो, आणि खरा अनुस्वार धूळ म्हणून पुसला जातो.

माझ्या अहवालांत नांव, गांव व रक्कम अशा उभ्या रांगा होत्या. साधनानें आधीं सगळीं नांवें वाचलीं, मग सगळीं गांवें. कोणाचें गांव कोणतें, कळेना. ओळीच्या शेवटीं दोन आडव्या रेघा, 'पी-एस-एम' व ६ हा आंकडा लिहिल्यावर तें सबंध पान एकच ठोकळा मानून आडवें वाचूं लागलें. मग मीं आजोबांचें नांव शोधलें. नाहीं. पुन्हां शोधलें, नाहीं. 'आढळत नाहीं' असें पत्र मीं लिहिलेंही. पेटींत टाकण्यापूर्वीं मनांत कांहीं आलें म्हणून यादीचीं पानें डोळ्यांनीं पाहिलीं, तों नांव तेथें स्वच्छ छापलेलें! आडनांवाचें पहिलें अक्षर 'घ'. साधनानें तें 'ध' वाचलें होतें.

आज्ञेच्या शेवटीं 'टी-एस-व्ही' हीं अक्षरें जोडलीं तर साधन प्रत्येक शब्दास स्वतःच्या खात्रीचे शंभरांपैकीं गुण देतें. कमी गुणांचे शब्द आधीं तपासावेत, हा माझा बेत होता. या चुकलेल्या नांवास त्यानें उत्तम गुण दिले होते. तेव्हांपासून 'घ' व 'ध', 'भ' व 'म', 'ब' व 'व' आणि सर्व आंकडे मी गुणांकडे न पाहतां मूळ पानाशीं ताडून पाहतों. १४० पानांस अकरा दिवस लागले.

लिहिलेलें पत्र मीं फाडलें. नव्या पत्रासोबत उतारा धाडला, आणि त्या पानाचें चित्रही.