घरात करपट वास आला तर



आपल्या भूम तालुक्यात खव्याची भट्टी पाहिली नाही अशी बाई विरळाच. कढईतला खवा तळाला लागायला लागला की आधी कळतं ते नाकाला. रंग बदललेला नसतो, धूरही दिसत नाही, पण हात आपोआप जाळ कमी करायला जातो. आज मी बोलणार आहे ते याच नाकाबद्दल. पण खव्याचं नाही, थंडीत आपण घरात ऊब करतो त्याचं.

अडचण अशी, की आपल्याला जळक्या वासाचं नवल राहिलेलं नाही. शेजारी चूल पेटते, गोठ्यात डासांसाठी धूर करतात, बांधावर कुणी काडीकचरा पेटवतं. रात्री वास आला तर ‘असेल कुणाच्या तरी चुलीचा’ म्हणायचं आणि कूस बदलायची.

माझ्याच घरची गोष्ट सांगते. दोन वर्षांमागं डिसेंबरात सासूबाईंच्या खोलीत हीटर लावायला लागलो. खोलीत मोठा सॉकेट नाही, म्हणून टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डात पिन खुपसली. दोन दिवस खोलीत मासळी सडल्यासारखा वास. आम्ही माळकरी, घरात मासळी येत नाही. मांजरानं काही आणलं असेल म्हणून मी खाट सरकवून झाडून घेतलं, वर उदबत्ती लावली. तिसऱ्या दिवशी हीटर बंद करून पिन काढायला गेले तर निघेना. प्लॅस्टिक वितळून पिन आणि बोर्ड एकजीव झाले होते. अंथरूण तिथून हातभर अंतरावर होतं.

नंतर वायरमननं समजावलं. हीटर २००० वॅटचा, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढणारा. तो लहान सॉकेट ६ अँपिअरचा. पाण्याचा रॉड, गिझर यांचंही तसंच. त्यांना १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच लागतो. त्यात आतला स्क्रू सैल असला तर तेवढीच जागा तापत राहते. बोर्डाचं, होल्डरचं कडक प्लॅस्टिक तापलं की मासळीसारखा वास सुटतो. वायरचं मऊ आवरण जळालं तर डोळ्यांना झोंबणारा, रबर जळाल्यासारखा वास येतो. उन्हाळ्यात व्होल्टेज कमी असलं की कूलरची मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि तापून तिच्या तारांवरचं वार्निश करपतं. त्याचा वास वेगळाच, पण एकदा घेतला की विसरत नाही.

प्रत्येक वास धोक्याचाच असतो असं नाही. वर्षभर माळ्यावर पडलेला हीटर पहिल्यांदा लावला की कॉइलवरची धूळ जळते. थंड देशांत घरभर गरम हवा जाळीतून सोडतात, तिथंही हंगामाच्या पहिल्या दिवशी हाच वास येतो. हीटर आधी पुसून घ्या, खिडकी उघडी ठेवून लावा. दहा-पंधरा मिनिटांत वास गेला तर ती धूळ होती. गेला नाही, किंवा त्यात प्लॅस्टिकचा वास मिसळला, तर लगेच बंद करायचं.

बंद करायचं कसं? आधी खटका, मग पिन. बोर्ड गरम लागत असेल, तडतड आवाज येत असेल, तर त्याला हातच लावायचा नाही. सरळ मेन स्विच पाडायचा. इथं मला जरा रागानंच विचारायचं आहे, की आपल्यापैकी किती जणींना घरातला मेन स्विच माहीत आहे? ‘लाईटचं काम माणसांचं’ म्हणून आपण ते येईपर्यंत थांबतो. आज संध्याकाळी पायात चप्पल घालून, कोरड्या हातानं तो एकदा स्वतः बंद-चालू करून बघा. मीटर किंवा मेन स्विचच जळत असेल तर सगळ्यांना बाहेर काढा आणि महावितरणच्या १९१२ नंबरवर सांगा. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, कोरडी माती किंवा वाळू टाकायची, तीही आग वाटीएवढी असेल तरच. नाहीतर बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा. आणि फ्यूज उडाला की त्याला जाड तार गुंडाळणारे भाऊजी असतील तर त्यांना थांबवा. घर जळू नये म्हणून तो फ्यूज जळालेला असतो.

एका वासाला मात्र याच्या उलट वागायचं. सिलेंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात सडक्या कोबीसारखा वास मुद्दाम मिसळतात. तो आला तर कुठलाच खटका चालू करायचा नाही आणि बंदही करायचा नाही. त्या ठिणगीनंच भडका होतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन लावा.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. कारण याला वासच नाही.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, ओवा-शेपाची धुरी द्यायची, वारा लागू नये म्हणून दार-खिडकी लावून घ्यायची, ही आपली जुनी रीत. निखारे लाल झाले, धूर थांबला, की आपण म्हणतो, आता आत घ्यायला हरकत नाही. पण त्या बिनधुराच्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतं, म्हणून प्राणवायूला जागाच उरत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. बाळंतीण दमलीय, झोपू द्या, असं आपण म्हणतो आणि दार अजून घट्ट लावतो. बाळाला तर सांगताही येत नाही.

घरातल्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, मग १०८ ला फोन करा.

माझ्या नणंदेच्या बाळंतपणात सासूबाईंशी मोठा वाद झाला होता. ‘आमची सहा झाली शेगडीवर,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आत्या, तुमचं घर धाब्याचं होतं, वर सवणं होतं, दाराला फटी होत्या. आता स्लॅबचं घर आहे, खिडकीला काच आहे, वायू जाणार कुठून? त्या गप्प बसल्या. मग तोडगा त्यांनीच काढला. शेगडी पडवीत, धुरी दार उघडं ठेवून पाच मिनिटं आणि तीही बाळाला दुसरीकडं ठेवून. शेकायला गरम पाण्याची पिशवी, फडक्यात गुंडाळलेली. बाळ आईच्या छातीशी, वरून गोधडी. निखारे रात्री अंगणातच विझवायचे, हे काम त्यांनी स्वतःकडं घेतलं.