जुन्या मापकाची विश्वसनीयता : दुरुस्ती, अंशांकन आणि नोंद

विद्युत् राशी मोजणारी वापरलेली उपकरणे विकत घेणे, ती दुरुस्त करणे आणि त्यांचे अंशांकन करणे हा छंद वरवर पाहता साहित्याच्या अभ्यासकापासून फार दूरचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न केवळ तांत्रिक नाही. अनेक हातांतून फिरलेले, झिजलेले, पूर्वेतिहास अज्ञात असलेले एखादे साधन जे सांगते, त्यावर कोणत्या आधाराने विश्वास ठेवावा, हा तो प्रश्न होय; आणि जुन्या हस्तलिखितांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना तो अपरिचित नाही.

लखनौ शहराच्या इतिहासात या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण सापडते. अवधचे बादशहा नसीरुद्दीन हैदर यांच्या कारकिर्दीत, 1831 च्या सुमारास, येथे वेधशाळेचा प्रारंभ झाला. प्रथम हर्बर्ट आणि 1835 पासून विल्कॉक्स यांनी तिचे काम पाहिले. तिची वास्तू तारेवाली कोठी म्हणून आजही ओळखली जाते. 1848 मध्ये विल्कॉक्स निवर्तले, पुढच्याच वर्षी वाजिद अली शाह यांनी वेधशाळा बंद केली आणि 1857 च्या उठावात तेथील उपकरणे नाहीशी झाली. वेधांच्या नोंदी ग्रंथरूपाने प्रसिद्ध न झाल्यामुळे त्या श्रमांचा उपयोग पुढील अभ्यासकांना होऊ शकला नाही. याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातील आहे. ऑस्ट्रेलियातील पॉट्स हिल येथे वापरून झालेल्या 32 तबकड्या भारताला मिळाल्या आणि गोविंद स्वरूप यांच्या मार्गदर्शनाखाली 1965 मध्ये कल्याणजवळ सूर्याच्या निरीक्षणासाठी त्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. साधन जुने असणे हा दोष नव्हे. त्याची जुळणी आणि नोंद राहिली नाही म्हणजे ते निरुपयोगी ठरते, असे या दोन उदाहरणांवरून म्हणता येईल.

लखनौच्या नक्खास भागात रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. अशा बाजारांतून किंवा भंगारवाल्याकडून एखादा काट्याचा मल्टिमीटर किंवा ऑसिलोस्कोप हौशी माणसाच्या हाती पडतो. त्याला प्रथम दोन कामांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. दुरुस्ती म्हणजे बंद पडलेले उपकरण चालू करणे. अंशांकन म्हणजे चालू उपकरण खऱ्या मूल्यापासून किती ढळते हे ठरविणे. चालणारे उपकरण खरे सांगतेच असे नाही. किंबहुना बंद उपकरणापेक्षा आत्मविश्वासाने चुकीचे सांगणारे उपकरण अधिक घातक असते.

दुरुस्तीतील दोष बहुधा ठरावीक असतात. आत विसरलेले सेल गळून पितळी पट्ट्यांवर क्षार चढतात. निवडीच्या खटक्याच्या संपर्कांवर मळ साचतो. जुन्या कार्बन रोधकांचा रोध काळानुसार बहुधा वाढत जातो. विद्युत् अपघटनी धारित्रे वाळतात. ऑसिलोस्कोपच्या नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि वीज तोडल्यावरही धारित्रांत भार शिल्लक राहतो. म्हणून तो रोधकातून निचरल्याची खात्री झाल्याशिवाय आत हात घालणे हे जिवावर बेतू शकते.

यानंतर अंशांकन येते. उपकरण काही वेळ चालू ठेवून त्याचे तापमान स्थिर होऊ द्यावयाचे आणि एखादे विश्वसनीय मानक त्याच्यापुढे ठेवावयाचे. मानकाची अनिश्चितता तपासावयाच्या उपकरणाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नसावी असा सर्वसाधारण संकेत आहे. एकेकाळी हे काम वेस्टन विद्युत् घट करीत असे. त्याचा दाब सुमारे 1.018 व्होल्ट इतका स्थिर राही. आज हौशी माणूस अर्धवाहकाचा संदर्भस्रोत आणि काटेकोर रोधक वापरतो. या मानकाचीही परीक्षा त्याहून वरच्या मानकाशी झालेली असावी लागते. ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत आणि अखेरीस निसर्गाच्या स्थिरांकांपर्यंत पोहोचते. 20 मे 2019 पासून व्होल्टची व्याख्या त्या स्थिरांकांच्या निश्चित केलेल्या मूल्यांवर आधारलेली आहे. साखळीचा एक दुवा जरी अज्ञात असला तरी त्याखालील सर्व आकडे केवळ अंदाज ठरतात.

त्रुटीचे स्वरूपही नीट समजून घेतले पाहिजे. पूर्ण पट्टीच्या 2 टक्के अचूकता असलेल्या मापकावर 100 व्होल्टची मर्यादा निवडल्यास कोठेही 2 व्होल्टपर्यंत चूक संभवते. 90 व्होल्ट मोजताना ती क्षुल्लक असते. 10 व्होल्ट मोजताना तीच 20 टक्के होते. शिवाय मापक हा निव्वळ साक्षीदार नसतो. प्रतिव्होल्ट 20,000 ओहम रोधाचा मापक 10 व्होल्टच्या मर्यादेवर स्वतः 2 लाख ओहमचा रोध बनतो. ज्या स्रोताचा अंतर्गत रोधही 2 लाख ओहम आहे अशा 10 व्होल्टच्या स्रोतास तो जोडला, तर काटा 5 व्होल्टच दाखवील. मापक पूर्णतः निर्दोष आहे. मोजण्याच्या कृतीनेच मोजावयाची वस्तू बदलली आहे. एक कोटी ओहमचा अंकीय मापक त्याच ठिकाणी सुमारे 9.8 व्होल्ट दाखवितो.

येथे हौशी माणसाची कसोटी लागते. फरक दिसताच आतला स्क्रू फिरवून काटा जुळवून घेण्याचा मोह होतो. शिस्त अशी की, प्रथम उपकरण ज्या स्थितीत मिळाले त्या स्थितीतील सर्व आकडे लिहावेत, दाब चढवीत नेताना आणि उतरवताना दोन्ही वेळा. मगच आवश्यक तेवढी जुळवणी करावी आणि नंतरचे आकडे शेजारी मांडावेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकारलेल्या संहितेखाली पाठभेद दिलेले आहेत, त्यामागील विवेक हाच होय. संपादकाने पाठ निवडला, पण अन्य पाठ पुसले नाहीत. म्हणून त्याच्या निर्णयाची पुन्हा परीक्षा करता येते. नोंद न करता फिरविलेला स्क्रू म्हणजे मूळ पाठ खोडून केलेली दुरुस्ती होय.

या नोंदीचे महत्त्व निव्वळ विद्वत्तेचे नाही. काटा शून्यावर आहे म्हणून तारेत वीज नाही असे मानणारा माणूस मापकाच्या शब्दावर आपला जीव ठेवीत असतो. म्हणून जाणकार कारागीर मापक आधी ज्ञात चालू स्रोतावर पाहतो, मग संशयित तार तपासतो आणि पुन्हा ज्ञात स्रोतावर परततो. पूर्णपणे निर्दोष असे मापक नसते. ज्याचा दोष किती, कोणत्या दिशेने आणि केव्हा तपासलेला हे लिहून ठेवलेले आहे, तेच विश्वासार्ह होय. बाजारातून आणलेल्या चाळीस वर्षांच्या मापकाशेजारी अशी वही असेल, तर तो वही नसलेल्या नव्या मापकाहून अधिक भरवशाचा ठरू शकतो.