बर्फाच्या दोन मर्यादा

मुठीत दाबलेला भुसभुशीत बर्फ गोळा होऊन राहतो आणि तोच गोळा भिंतीवर आपटला की विखुरतो. दगडाचा घट्टपणा आणि वाळूचा मोकळेपणा एकाच पदार्थात असल्याने संगणकावर तो हलवणे फार अवघड. २०१३ च्या ‘फ्रोझन’ या चित्रपटासाठी ॲलेक्सी स्टोमाखिन, जोसेफ टेरान आणि सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीतली ‘मटेरियल पॉइंट मेथड’ वापरली. यात बर्फ असंख्य कणांत मांडतात. आपले वस्तुमान, वेग आणि आजवर आकारात झालेला बदल प्रत्येक कण सोबत वागवतो. काळाच्या प्रत्येक बारीक पावलाला ही माहिती एका जाळीवर उतरते, तिथे बलांचा हिशेब होतो, पाय किंवा जमीन आडवी आली का ते पाहिले जाते, नवे वेग कणांकडे परततात आणि जाळी पुसली जाते. पण बर्फाचा स्वभाव ठरतो तो दोन मर्यादांनी. त्यांच्या शोधनिबंधातल्या मूळ नमुन्यात सुमारे २.५ टक्के दबल्यावर किंवा ०.७५ टक्के ताणल्यावर बदल कायमचा होतो: दबलेला बर्फ कठीण बनतो, ताणलेला कमजोर होऊन तुटतो. मर्यादा कमी केल्या की कोरडा, पिठासारखा बर्फ; वाढवल्या की ओला, ढेकळांचा.

हे आकडे मुख्यतः डोळ्यांनी पाहून ठरवले होते. मग याला भौतिकशास्त्र का म्हणावे, असा आक्षेप येतो. माझ्या मते तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. आकडे निवडलेले असले तरी वस्तुमान आणि संवेग यांचे नियम निवडलेले नाहीत, आणि पदार्थाचा कोणता गुण धरायचा हे ओळखणे हेच शास्त्रातले अर्धे काम आहे. याचा पुरावा हिमशास्त्रात सापडतो. योहान गोम यांनी टेरान यांच्यासह २०१८ मध्ये याच पद्धतीने हिमाच्या थरातली भेग कशी पसरते ते मांडले. पुढे २०२१ मध्ये गोम आणि अलेक्झांडर पुझ्रिन यांनी १९५९ साली द्यात्लोव्ह खिंडीत दगावलेल्या नऊ गिर्यारोहकांवर हिमाची लादी कोसळली असती तर काय झाले असते, हे तपासले. त्यासाठी अर्थातच गुणधर्म नव्याने ठरवावे लागले. पडद्यावर पटणारा बर्फ जसाच्या तसा प्रयोगशाळेत चालत नाही. शिवाय त्यांच्या गणिताने तसे घडणे शक्य होते एवढेच दाखवले, तसेच घडले असे नाही. तरीही कणांची आणि जाळीची ती चौकट दोन्हीकडे टिकली. म्हणून चित्रपटातल्या या कामाला नुसती सजावट म्हणणे मला अन्यायाचे वाटते.