अमेरिका किती लांब?

आमच्या मांडवगण फराट्यात अंतर विचारलं, तर उत्तर वेळेत मिळतं. दौंड? ‘हे काय, भीमा ओलांडली की आलंच.’ पुणे? ‘वाघोलीला किती अडकता त्यावर.’ आता एक नवं गाव या यादीत आलं आहे, अमेरिका. उसाच्या बांधावर उभा राहूनही म्हातारा माणूस विचारतो, ‘पोराला यायला किती तास लागतील रे?’

नकाशावर न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला दिसतं. विमान मात्र मुंबईहून निघतं ते उत्तरेच्या अंगाने. पृथ्वी चेंडूसारखी. चेंडूवर दोन ठिपके काढून त्यांच्यामध्ये दोरा ताणून बघा, तो वर सरकतो. सर्वांत जवळची वाट अशी आइसलंडच्या अक्षांशापर्यंत चढून खाली उतरते. अंतर भरतं सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. जाताना साधारण सोळा तास लागतात, येताना चौदा-पंधरा. हा फरक उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांचा. येताना ते पाठीशी असतात.

पण वाट नेहमी दोऱ्यासारखी सरळ मिळत नाही. 2019 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा अनेक विमानांना वळसे पडले. शेजाऱ्याने बांधावरची वाट अडवावी, तसंच हे.

पूर्वी याहून कठीण होतं. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, ते 10 जूनला पोचलं. न्यूयॉर्कची सेवा 1960 मध्ये सुरू झाली, तीही लंडनमार्गे. एअर इंडियाचं मुंबई ते न्यूयॉर्क थेट उड्डाण आलं 2007 मध्ये.

आमचे एक चुलते पहाटे गेले. थोरला मुलगा न्यू जर्सीत. इथे सकाळचे सहा, तर तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ. फोनवर हिशेब मांडला गेला. तिकीट मिळून विमानात बसेपर्यंत दहा-बारा तास, आकाशातले चौदा, विमानतळावरचे दोन, मग मुंबईहून गावापर्यंत सहा. कुणी म्हणालं, थांबू. कुणी बर्फाची चौकशी केली. शेवटी चुलतीच म्हणाली, ‘नका थांबू. धाकट्याला पुढं करा.’ थोरला सावडण्याच्या सकाळी पोचला. चप्पल काढून तसाच नदीवर गेला.

तेव्हापासून मी हे अंतर वेगळ्या मापाने मोजतो. माणूस तिरडीला पोचतो, सावडायला पोचतो, की दहाव्याला?

खरी अडचण तर तासांच्या पलीकडे असते. अनेकांना येता येतं, पण परत जायला व्हिसाचा नवा शिक्का लागतो. तो मिळेपर्यंत नोकरी टिकेल का, ही धास्ती. तिथलं नागरिकत्व घेतलेल्यांना इकडे यायला ओसीआय कार्ड किंवा व्हिसा हवा. घाईच्या वेळी ही कागदपत्रं विमानापेक्षा जास्त वेळ खातात.

म्हणून परदेशी मुलं असलेल्या घरांना माझं एक सांगणं आहे. पुढच्या दिवाळीत सगळे जमाल, तेव्हा फराळानंतर हा विषय काढा. कागद तयार आहेत का ते बघा. आणि वेळ आलीच, तर थांबायचं की नाही, हे आईवडिलांनीच आपल्या तोंडाने सांगून ठेवावं. ते अवघड आहे. पण चुलतीने जे दहा मिनिटांत एकटीने ठरवलं, त्याचं ओझं तरी वाटलं जाईल.